सामूहिक वस्तीत राहून नैसर्गिक बांधकाम शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माती, चुना, बांबू, पेंढा यांचं बांधकाम शिकायचं आहे आणि त्यासाठी एखाद्या सामूहिक वस्तीत काही महिने जाऊन राहायचं मनात आहे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. वस्तीत राहून, बांधून आणि नव्या माणसांना हाताशी घेऊन जे पटत गेलं ते इथे मांडलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी घाई केली तर नुकसान घराचं होतं.

सामूहिक वस्ती म्हणजे नेमकं काय? आश्रम, कम्यून की साधी सोसायटी?

काही माणसं एखाद्या विचाराने ठरवून एकत्र येतात, जमीन घेतात आणि तिथे कसं राहायचं, कसं बांधायचं, निर्णय कसे करायचे याचे नियम स्वतः बनवतात. इकोव्हिलेज, म्हणजे निसर्गाला धरून राहू पाहणारी वस्ती, हा त्यातलाच एक प्रकार. स्कॉटलंडमधलं फिंडहॉर्न १९६२पासून आहे, अमेरिकेतलं ट्विन ओक्स १९६७पासून, तमिळनाडूतलं ऑरोविल १९६८पासून. जर्मनीतलं झीबेन लिंडेन आणि अमेरिकेतलं डान्सिंग रॅबिट ही दोन्ही १९९७ची. यांच्यात साम्य कमी आणि फरक जास्त. ट्विन ओक्समध्ये कमाई सगळ्यांची मिळून एक असते. इतर बऱ्याच ठिकाणी ज्याची कमाई त्याची, फक्त जमीन आणि काही इमारती सामायिक. शिकायला जाणाऱ्याने एवढं आधी समजून घ्यावं की आपण ज्या भिंतीवर घाम गाळणार ती कोणाच्या मालकीची आहे आणि वस्तीचे रोजचे व्यवहार कसे चालतात. बाकीचं तिथे राहून कळतं.

चार-पाच दिवसांच्या कार्यशाळेत हेच शिकता येत नाही का?

चिखलात पाय घालून हे काम आपल्याला आवडतं का, एवढं पाहायला कार्यशाळा उत्तम. जरूर करा. पण कार्यशाळेत माती आधीच चाळून ठेवलेली असते, पाया आणि जोतं तयार असतं, दिवसही कोरडे निवडलेले असतात. भिंत कमरेपर्यंत आली की सगळे घरी जातात. ती वाळताना किती आकसली, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग कधी गेली, पहिल्या मोठ्या पावसात वळचणीचं पाणी कुठे उडालं, यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नसतं. जाड मातीची भिंत आतपर्यंत वाळायला महिने लागतात आणि तिचे दोष त्यानंतर दिसू लागतात.

वस्तीत तुम्ही त्याच घरात झोपता. पहाटे गारठा कोणत्या भिंतीतून येतो, ओल पायथ्यापासून किती वर चढते, टिचकी मारली की गिलावा कुठे पोकळ वाजतो, हे रोज समोर असतं. हे घर कोणी बांधलं, त्याने असं का केलं, हे विचारायला तो माणूस शेजारच्याच घरात असतो. दहा वर्षांपूर्वीच्या भिंतीची डागडुजी करताना ती बांधणाऱ्याच्या चांगल्या-वाईट निर्णयांचा हिशेब हाताला लागतो. म्हणून माझं ठाम मत आहे की नव्या माणसाने आधी दुरुस्ती शिकावी, मग बांधकाम. आणि राहायचंच तर निदान एक पूर्ण पावसाळा राहावं. जिथे बर्फ पडतो तिथे एक पूर्ण हिवाळा.

इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला मातीच्या विटांची कमानदार छतं बांधायला घेतली. सुरुवातीची छतं कोसळली. लाकडी आधार न देता असं छत उभं करायची रीत त्यांना अखेर अस्वानजवळच्या नुबियन गवंड्यांकडे सापडली, आणि त्या गवंड्यांना सोबत आणल्यावर काम उभं राहिलं. एवढा जाणकार माणूस, तरी जे हवं होतं ते गवंड्याच्या हातात होतं. त्या हाताशेजारी जितके दिवस उभं राहता येईल तितकं चांगलं.

नैसर्गिक बांधकाम म्हणजे फक्त मातीची घरं का? सिमेंट अजिबात चालत नाही?

माती, दगड, चुना, लाकूड, बांबू, पेंढा, तूस, गवत हे सगळं यात येतं. सिमेंटचं क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते खडे, भाजायला भट्टीचं तापमान सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं, आणि जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. तो कमी करावा हा यामागचा एक हेतू. दुसरा हेतू मला जास्त जवळचा वाटतो: जे साहित्य आपण स्वतः खणू, कापू, मळू शकतो त्याचं घर आपण स्वतः दुरुस्तही करू शकतो.

सोवळं मात्र कुठेच नसतं. ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट १९८९पासून दाबून बनवलेल्या मातीच्या विटांचं काम करत आहे आणि त्या विटांमध्ये साधारण ५ टक्के सिमेंट असतं. जोत्यात, पट्ट्यात थोडं सिमेंट वापरणाऱ्या वस्त्या आहेत, आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्याही आहेत. तुम्ही जाल तिथला वाद ऐकून घ्या. कारणं दोन्ही बाजूंना असतात.

पहिल्या महिन्यात काय करायला मिळतं?

माती खणणं, चाळणं, मळणं, वाहणं. आणि डागडुजी. हे बिगारी काम वाटलं तरी निम्मं शिक्षण यातच आहे.

सुरुवात माती ओळखण्यापासून होते. वरची काळपट, मुळं आणि कुजका पाला असलेली माती बाजूला काढून ठेवायची, ती बागेची. बांधकामाची माती त्याच्या खालची. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून जोरात हलवून ठेवलं की रेती मिनिटाभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती बसायला दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. थरांच्या जाडीवरून प्रमाणाचा अंदाज येतो. मग सुरळीची परीक्षा: ओलसर मातीची तीन सेंटिमीटर जाडीची सुरळी वळायची आणि फळीच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. पाच सेंटिमीटरच्या आत तुटली तर रेती जास्त, पंधराच्या पुढे लोंबत राहिली तर चिकणमाती जास्त. दोन्ही परीक्षांचं एकमेकींशी पटलं नाही तर तिसऱ्या खड्ड्यातली माती आणायची.

शेवटचा निकाल मात्र नमुन्याच्या विटांवरच लागतो. वेगवेगळ्या प्रमाणात रेती आणि पेंढा घालून विटा पाडायच्या, प्रत्येकीवर प्रमाण कोरायचं, सावलीत वाळवायच्या आणि मग आपटून, पाण्यात ठेवून, नखाने खरवडून पाहायच्या. पाण्याने फार फुगणारी आणि वाळताना भेगाळणारी माती नुसती वापरली तर भिंत तडकते. तिला रेती लागते, कधी चुना लागतो, कधी ती सोडूनच द्यावी लागते. काही आठवड्यांनी मूठभर माती दाबून आणि दोन बोटांत चोळून तुम्हीच सांगू लागता की यात आणखी रेती हवी. ही जाण पुस्तकातून येत नाही, आणि ती आल्याशिवाय पुढच्या कामाला हात घालू नये.

कोणतं तंत्र आधी शिकावं?

वस्तीच्या जमिनीत आणि आसपास जे मुबलक आहे त्याचं. बांबू दुरून आणावा लागत असेल तर तिथे बांबूकाम शिकण्यात फारसा अर्थ नाही.

तरी नवख्याला विचाराल तर मी कॉबचं नाव घेईन. चिकणमाती, रेती, पेंढा आणि पाणी ताडपत्रीवर पायांनी मळायचं आणि साच्याशिवाय, हाताने थरावर थर चढवत भिंत उभी करायची. भिंत ४५ ते ६० सेंटिमीटर जाड. एका वेळी फार उंच चढवली तर खालचा थर फुगून बाहेर येतो, म्हणून थांबावं लागतं, बाहेर आलेलं तासून ओळंब्यात आणावं लागतं. हात, डोळा आणि धीर तिन्ही एकदम तयार होतात. अवजारं जवळजवळ लागत नाहीत. गैरसोय एकच, काम हळू चालतं आणि माती अफाट लागते: एक घनमीटर भिंत म्हणजे दीड टनाहून जास्त माती, आणि ती कोणीतरी उचललेली असते.

कच्च्या विटांमध्ये काम दोन भागांत वाटलं जातं. विटा आधी पाडून, काही दिवसांनी कुशीवर उभ्या करून, काही आठवडे वाळवायच्या. मग बांधकाम वेगाने होतं, कारण आकसायचं ते विटांनी आधीच आकसून घेतलेलं असतं. ठोकलेल्या मातीच्या भिंतीला भक्कम साचे आणि जेमतेम ओलसर माती लागते. पंधरा-एक सेंटिमीटरचा भुसभुशीत थर टाकून तो सुमारे दहावर येईपर्यंत धुमसाने ठोकायचा. देखणी भिंत होते, पण साचा एकदा कलला तर तो दोष पुसता येत नाही. कुडाच्या भिंतीत काठ्यांचा किंवा कामट्यांचा सांगाडा विणून त्यावर माती लिंपतात. ती हलकी, पातळ, झटपट होणारी आणि दुरुस्तीला सोपी. वस्तीतल्या आतल्या भिंतींवर हात बसवायला कुडासारखं काम नाही.

पेंढ्याच्या गाठींचं बांधकाम थंड प्रदेशात फार उपयोगाचं. लोक मातीच्या भिंतीकडून चुकीची अपेक्षा करतात. माती उष्णता साठवते, अडवत नाही. दिवसा ऊन आणि रात्री गारवा अशा हवेत ती सुखाची असते, पण महिनोन्‌महिने थंडी असेल तर नुसती मातीची भिंत गारठूनच राहते. पेंढा उष्णता अडवतो. अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाठी बांधायची यंत्रं आली आणि लाकूड कमी असलेल्या वाळूच्या टेकड्यांत लोकांनी त्या गाठींचीच घरं बांधली. तिथल्या आर्थर गावातलं १९२८चं पेंढ्याच्या गाठींचं चर्च आजही उभं आहे. या कामात ओलावा हाच शत्रू. गाठीतला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर आतून बुरशी धरते आणि बाहेरच्या गिलाव्यावरून ते कळतही नाही.

बांबू किमान तीन वर्षांचा पिकलेला हवा. कोवळ्या बांबूला भुंगा लवकर लागतो, कारण त्यात पिष्ट जास्त असतं. तोडल्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवतात, आणि बांधताना तो जमिनीला टेकू देत नाहीत, उन्हापावसात उघडा ठेवत नाहीत. या तीन गोष्टी सांभाळल्या तर बांबू टिकतो. एखादी सुटली तर कितीही सुंदर जोड केला तरी उपयोग नाही.

मातीचं घर पावसात टिकतं का, खरं सांगा.

टिकतं, पण ते टिकवणारी तीन वेगळी कामं आहेत आणि त्यातली दोन मातीची नाहीतच.

पहिलं जोतं. दगडाचं किंवा भाजक्या विटांचं, उडणारं पाणी भिंतीला लागणार नाही इतकं उंच. दुसरं छप्पर, ज्याची वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली असते. ही दोन्ही नीट असतील तर भिंतीवर पाणी येतं कमी आणि आलेलं वाळतं लवकर. इंग्लंडच्या डेव्हनमध्ये शतकानुशतकं पावसात उभी असलेली कॉबची घरं आजही लोकांच्या राहण्यात आहेत. येमेनमधल्या शिबाममध्ये मातीच्या विटांच्या सात-सात मजली इमारती आहेत, त्यांतल्या पुष्कळशा सोळाव्या शतकातल्या. तिथे पाऊस कमी, हे खरं. पण छताची आणि गिलाव्याची काळजी तिथेही घ्यावीच लागते.

तिसरं काम गिलावा, आणि इथेच लोक घराचा घात करतात. मातीच्या भिंतीवर "पक्कं करू" म्हणून सिमेंटचा गिलावा चढवला जातो. सिमेंटला बारीक तडे जातात, त्यातून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. भिंत आतल्या आत ओली होत जाते आणि वरचं कवच शाबूत दिसत असतानाच मागची माती बसते. डेव्हनमधल्या कित्येक जुन्या भिंती अशाच गेल्या. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच हवा, म्हणजे शोषलेला ओलावा परत हवेत जातो.

असा गिलावा झिजतो. तो झिजण्यासाठीच असतो, भिंतीच्या वतीने. मालीमधल्या जेन्ने शहराची मोठी मशीद, आजची इमारत १९०७ची, दरवर्षी सगळं गाव मिळून लिंपतं. भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या काठ्या त्या कामात परांचीसारख्या उपयोगी पडतात, म्हणजे दुरुस्ती होणार हे धरूनच ती इमारत उभारलेली आहे. सामूहिक वस्ती या कामाला फार मानवते. एकट्या कुटुंबाला वर्षाचं लिंपण जड जातं. वीस-पंचवीस माणसांनी मिळून ठरवलेल्या दिवसांत एकेक घर घेतलं तर ते होऊन जातं, आणि नव्या माणसाला गिलावा शिकायला याहून चांगला दिवस नाही.

भूकंपाचं काय?

याचं उत्तर हलकं करून सांगणारा माणूस शिक्षक म्हणून निवडू नका. २६ डिसेंबर २००३ रोजी इराणच्या बाम शहरातल्या भूकंपात २६ हजारांहून जास्त माणसं गेली. कच्च्या विटांच्या जड भिंती आणि त्यावरची जड छतं यांना एकमेकांशी बांधणारं काही नव्हतं, ती माणसांवर कोसळली. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून भूकंपाच्या प्रदेशात भिंतीच्या माथ्यावर सलग फिरणारा पट्टा, कोपऱ्यांची घट्ट बांधणी, लहान आणि कोपऱ्यापासून दूर ठेवलेल्या खिडक्या, हलकं छप्पर हे सगळं लागतंच. लिमा शहरात १७४६च्या भूकंपानंतर वरच्या मजल्यांना जड विटांऐवजी किंचा, म्हणजे लाकूड आणि वेताच्या सांगाड्यावर मातीचं लिंपण, वापरायला लावलं गेलं, कारण असा सांगाडा वाकतो पण ढासळत नाही. तुमचा प्रदेश भूकंपाचा असेल तर आराखडा स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यायचा. मातीचं काम जाणणारा अभियंता शोधायला वेळ लागला तरी तो लावायचा.

चुन्याच्या कामात एवढी काळजी घ्यायला का सांगतात?

कारण डोळे जातात. कळीचा चुना पाण्यात विरवताना उकळी फुटते आणि थेंब उडतात. नेहमी पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. बंद चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली भरून ठेवलेली. डोळ्यात गेलाच तर लगेच, निदान वीस मिनिटं, वाहत्या पाण्याने धूत राहायचं आणि डॉक्टरकडे जायचं. मुलांना त्या दिवशी कामाच्या जागेपासून लांब ठेवायचं. कोरडी माती चाळताना उडणाऱ्या बारीक धुळीत फुप्फुसांना अपाय करणारी सिलिका असते, म्हणून तेव्हा चांगला मास्क लावायचा. हे सांगूनही कोणी तिथे हसत असेल तर ती वस्ती सोडा.

चुना शिकावा मात्र जरूर. दगड सुमारे ९०० अंशांना भाजून केलेला चुना भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत परत दगडासारखा होत जातो. त्यासाठी त्याला काही दिवस ओलं ठेवावं लागतं. कडक उन्हात घाईने वाळलेला चुन्याचा गिलावा हात फिरवला की भुकटी होऊन येतो.

मला काहीच येत नाही आणि शरीरही फार दणकट नाही. झेपेल का?

झेपेल, जर वस्ती शहाणी असेल तर. ओल्या मातीची घमेली दिवसभर वाहणं हे पाठीचं काम आहे. ते वाटून, लहान घमेल्यांत आणि साखळी करून करतात. पण माती ओळखणं, गिलाव्याचा शेवटचा हात, चुन्याची निगा, जोडकाम, मोजमाप, हिशेब यात ताकदीपेक्षा लक्ष लागतं. स्त्रियांना हे जमेल का असंही विचारलं जातं. जगात अनेक ठिकाणी घराचं लिंपण आणि भिंतींवरचं नक्षीकाम स्त्रियांच्याच हातात राहिलं आहे. बुर्किना फासोमधल्या तिएबेलेतल्या रंगवलेल्या भिंती स्त्रियाच करतात. वस्तीत पाहायचं ते वेगळंच: ओळंबा आणि करवत कोणाच्या हातात दिली जाते आणि कोणाला कायम पाणी आणायला पाठवलं जातं, हे पहिल्याच आठवड्यात दिसतं. तसं दिसलं तर बैठकीत बोला.

रोज किती तास काम? राहण्याखाण्याचे पैसे द्यावे लागतात का?

कुठे शुल्क घेतात, कुठे कामाच्या बदल्यात राहणं-जेवण असतं, कुठे दोन्ही थोडं थोडं. जाण्याआधी लेखी विचारा: आठवड्याला किती तास, त्यातले बांधकामावर किती, शिकवणारं कोण, आजारी पडलो तर काय, सुट्टी कधी. स्वयंपाक, सफाई, मुलांकडे पाहणं हेही कामाच्या तासांत धरलं जातं का ते विचारा. ट्विन ओक्समध्ये ते धरलं जातं आणि मला ते न्याय्य वाटतं, कारण जेवण न शिजलेल्या वस्तीत भिंत चढत नाही.

शिकवण्याच्या नावाखाली फुकट मजुरी घेणाऱ्या जागाही आहेत. ओळखायची खूण साधी आहे. कित्येक आठवडे तुम्ही फक्त माती वाहत आहात आणि "हे असंच का करायचं" या प्रश्नाला कोणी थांबून उत्तर देत नाही, तर तिथे शिकणं नाही.

निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे म्हणजे काम अडून राहत नाही का?

कधी कधी राहतं. एका खिडकीच्या जागेवरून दोन बैठका झालेल्या पाहिल्या आहेत. पण ती खिडकी ज्यांच्या खोलीत उघडणार होती ते बोलले, आणि नंतर भिंत फोडावी लागली नाही. वर आलेले फतही पुन्हा आठवा. त्यांनी उभारलेलं इजिप्तमधलं नवं गुर्ना गाव: १९४५नंतरचं, मातीचं, देखणं. ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यांतल्या बहुतेकांना तिथे राहायलाच जायचं नव्हतं.

बऱ्याच वस्त्यांत पूर्ण सहमतीऐवजी सोशिओक्रसीची पद्धत असते. नेदरलँड्समध्ये जेरार्ड एंडेनबर्ग यांनी १९७०च्या दशकात आपल्या कंपनीत ती आकाराला आणली. त्यात "मला आवडतं का" हा प्रश्न नसतो. "याने आपल्या कामाला धोका आहे का" हा असतो, आणि आक्षेप घेणाऱ्याने कारण द्यायचं असतं. शिकाऊ माणसाला पहिले काही महिने मत देण्याचा अधिकार बहुधा नसतो. ते वाईट वाटून घेऊ नका, बैठकीला मात्र बसा. बांधकामातले वाद कशावरून होतात हे तिथे ऐकायला मिळतं आणि उद्या स्वतःचं घर बांधताना कुटुंबात तेच होणार आहेत.

मुलांना घेऊन जाता येईल का?

पुष्कळ ठिकाणी येतं, आधी विचारून. मुलं चिखलात रमतात. उघडे खड्डे, चुना आणि धारदार अवजारं यांच्यावर कुंपण आणि कोणाची तरी नजर हवी. शाळेची सोय प्रत्येक ठिकाणी वेगळी, ती स्वतः जाऊन पाहावी लागते.

वस्ती कशी निवडावी?

आधी आठवडाभर पाहुणे म्हणून जा, शक्य असेल तर पावसाळ्यात. जिथे सगळंच नवं आणि फोटोत छान दिसतं त्यापेक्षा जिथे दहा-पंधरा वर्षांची घरं आहेत आणि लोक अजून त्यांत राहतात ती जागा निवडा. भिंतींच्या पायथ्याशी वाकून पाहा. ओल, खपली, वाळवी दिसली तर बिचकू नका, विचारा. "हो, ते पुढच्या महिन्यात काढणार आहोत, इथे पाणी असं येतं म्हणून" असं उत्तर देणारी माणसं तुम्हाला शिकवतील. "मातीत असं होतंच" म्हणणारी शिकवणार नाहीत. संडास आणि सांडपाण्याची व्यवस्था पाहा, त्यावरून सामायिक कामांची शिस्त कळते. आणि एखादा सोडून गेलेला सदस्य भेटला तर त्याच्याशी बोला.

प्रमाणपत्र मिळतं का? आणि असं घर बांधायला कायद्याने परवानगी असते का?

वस्तीतल्या राहण्याचं प्रमाणपत्र बहुधा नसतं. ते हवंच असेल तर संस्थेचा अभ्यासक्रम वेगळा करावा. ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट आहे, फ्रान्समध्ये १९७९पासून क्रातेर ही संस्था मातीच्या वास्तुकलेवर काम करते. कामाच्या फोटोंची आणि प्रमाणांची नीट ठेवलेली वही मात्र प्रमाणपत्राहून जास्त उपयोगी पडते.

परवानगी ज्या त्या जागेवर ठरते. न्यूझीलंडने मातीच्या बांधकामाची मानकं १९९८मध्ये केली. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निवासी बांधकाम संहितेत पेंढ्याच्या गाठींवरचं परिशिष्ट २०१५च्या आवृत्तीत आलं आणि कॉबवरचं २०२१च्या. तुमच्या भागात असं काही नसेल तर अभियंत्याची सही आणि आराखडा घेऊन जाणं हाच रस्ता. वस्तीतल्या कोणाला तरी हे कागद करायचा अनुभव असतो, त्याच्याजवळ बसून ते पाहून घ्या. बांधून झाल्यावर परवानगी मागायला जाऊ नका.

शिकून निघाल्यावर पहिलं बांधकाम काय करावं?

स्वतःचं घर नको. बसायचा बाक, कुंपणाची छोटी भिंत, अवजारांची खोली असं काहीतरी करा, पण जोतं आणि छप्पर यांच्यासकट. बाकालाही पावसापासून टोपी लागते. आराखडा काढताना गिलावा कोण आणि कोणत्या महिन्यात करणार हे त्याच कागदावर लिहा. भिंत झाकण्याआधी आतल्या वायरी आणि नळ यांचे फोटो मोजपट्टी धरून काढून ठेवा. एक पावसाळा जाऊ द्या, काय झिजलं ते पाहा, त्याच मातीने ते दुरुस्त करा. मूळ मातीचं एखादं पोतं कोरड्या जागी, झाकून आणि प्रमाण लिहून राखून ठेवलेलं असेल तर ठिगळ रंगाने वेगळं दिसत नाही आणि भिंतीला नीट धरतं.